पंचसर, तुम्हाला ऐकू आलंच नाही!

प्रति,
मा. प्लेट पंच,
शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा (मुली),
मुक्काम फलटण, जि. सातारा.



पत्रास कारण की, तुमच्या कानांचं जाहीर कौतुक करायचं राहून गेलं होतं.

गेल्या हंगामातला तो सामना आठवा. चेंडू बॅटला जेमतेम चाटून कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला. बॅट फिरवणाऱ्या मुलीला ते कळलं नाही, आणि फक्कीच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या आम्हा मंडळींना तर कळण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही मात्र ऐकलंत. एका हातावरून दुसरा हात अलगद फिरवून फाऊल टिपची खूण केलीत. पहिल्या बेसवर तुमच्या जोडीदार पंचांनी तर कमालच केली. त्यांची नजर धावणारीच्या पायावर होती आणि कान बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हकडे. पाय आधी टेकला की चेंडूचा थप्प असा आवाज आधी आला, एवढ्या फरकावर त्यांनी निर्णय दिला, आणि तो बरोबर होता. पंचांना शिकवतातच तसं: बेस बघा, चेंडू ऐका. म्हणजे सॉफ्टबॉलच्या पंचाचा निम्मा कारभार कानांवर चालतो.

अशा या तयारीच्या कानांना, त्याच मैदानावर, त्याच दुपारी, तिसऱ्या बेसच्या बाजूला कडुलिंबाखाली मांडलेल्या बाकावरून सबंध सामनाभर चाललेली बोंबाबोंब मात्र ऐकू आली नाही. चेंडू चाटल्याचा आवाज ऐकणारा माणूस बाराजणींचा गलका ऐकत नाही, हे वैद्यकशास्त्राला आव्हान आहे. म्हणून हे खुलं पत्र.

तुमचं नाव, तुमची शाळा, त्या दोन संघांच्या शाळा, यातलं काही लिहीत नाही. दोन्हीकडे शिकणारी पोरं आहेत आणि हे पत्र पोरांना लिहिलेलं नाही.

समोर पिचर होती आठवीतली. वाडीवरून एसटीनं येणारी, उंचीनं कमी, हातानं वेगवान. पहिल्या इनिंगला बाकावरून आलं ते साधंच होतं: "आता बॉल जाणार बघा, बॉल!" दुसऱ्या इनिंगला प्रगती झाली: "हात कापाय लागलाय तिचा!" तिसरीत रंग निघाला: "ए काळे, प्लेट दिसंना व्हय?" चौथीत घर निघालं: "आई ऊस तोडती अन् ही बॉल टाकाय आलीया!" आणि पाचवीत तो अजरामर सल्ला: "जा, घरी जाऊन भाकऱ्या थाप जा!" हा सल्ला देणारीही मुलगीच होती. तिच्या शेजारी बसून हसणारे गृहस्थ तिचे मार्गदर्शक होते. हे तुम्हाला दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण त्या वेळी तुम्ही त्यांच्याच हातून पाण्याची बाटली घेत होतात.

सॉफ्टबॉलमध्ये टोमणा किती जवळून लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. महिलांच्या खेळात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फूट अंतर, बेस ते बेस ६० फूट. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून मारलेली हाक निम्मी वाऱ्यावर जाते. इथे बाकावर बसलेल्या मुलीला पिचरच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. त्यात पिचरवर नियमाचं बंधन. चेंडू फेकण्याआधी दोन्ही हात समोर एकत्र आणायचे आणि क्षणभर निश्चल थांबायचं. त्या क्षणी तिला हलता येत नाही, बोलता येत नाही, मागे वळून बघता येत नाही. टोमणे मारणाऱ्याला याहून चांगली वेळ कुठली मिळणार? तुमच्या नियमानं तिला जागेवर उभं केलं आणि तुमच्या मौनानं बाकाला मोकळं सोडलं. पाचव्या इनिंगमध्ये तिचे चार चेंडू स्ट्राइक झोनच्या आसपासही गेले नाहीत. तुम्ही एकेक बॉल मोठ्या आवाजात मोजलात. चेंडू मोजायच्या इंडिकेटरवर अंगठा बरोबर फिरत होता.

मग सहाव्या इनिंगमध्ये चमत्कार झाला. तिसऱ्या बेसवर खेळणारी तिची मैत्रीण बाकाकडे वळली, दोनच शब्द बोलली आणि ग्लोव्ह जमिनीवर आपटला. शब्द चांगले नव्हते, ते मान्य. पण काय सांगू सर, तुमचे कान एका क्षणात उघडले! तुम्ही मास्क काढलात, ताडताड चालत गेलात, बोट बाहेरच्या दिशेला केलंत. "ही भाषा माझ्या मैदानावर चालणार नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा बाकावर टाळ्या पडल्या. त्याही तुम्हाला ऐकू आल्या असाव्यात.

अर्थात या बाबतीत तुम्ही एकटे नाही. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. इटलीचा मातेराझी काहीतरी बोलला, फ्रान्सच्या झिदाननं वळून त्याच्या छातीत डोकं मारलं, आणि ११० व्या मिनिटाला झिदान बाहेर गेला. जगाला धडक दिसली. बोलणं कुणाला दिसत नाही. पण फिफानं निदान मागाहून दोघांनाही बोलावलं. झिदानला तीन सामने आणि मातेराझीला दोन सामने बंदी घातली. म्हणजे दुसरा दोषी ठरला तरी पहिला सुटला नाही. तुमच्या सामन्यात पहिलीचा उल्लेखही कुठे नाही. उत्तर देणारी गुन्हेगार, आणि प्रश्न विचारणारी विभागीय स्पर्धेसाठी कोल्हापूरला.

सामन्यानंतर तुम्ही म्हणालात की, "खेळात एवढं चालायचंच. सॉफ्टबॉल हा आवाजाचा खेळ आहे." खरं आहे. तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. हा खेळ जन्मलाच मुळी चिडवाचिडवीतून. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये येल आणि हार्वर्ड या दोन विद्यापीठांचे जुने विद्यार्थी फुटबॉलच्या निकालाची वाट पाहत बसले होते. येल जिंकल्याची बातमी आली तशी, असं सांगतात, येलवाल्यानं आनंदानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह हार्वर्डवाल्याच्या अंगावर फेकला, आणि त्यानं हातातल्या काठीनं तो टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थानं ते पाहून खेळ मांडला. तेव्हा थट्टा या खेळाच्या रक्तातच आहे. फरक एवढाच, की तिथे ज्याच्यावर ग्लोव्ह फेकला त्याच्या हातात काठी होती आणि दोघेही बरोबरीचे होते. त्याच्या आईचा उद्योग कुणी काढला नव्हता.

आवाज बंद करा असं कुणीच म्हणत नाही. बाकावरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणणं, आपल्या हिटरला "चल गं, मोठा फटका!" म्हणून पेटवणं, बाद झालेल्या आपल्या मुलीला "पुढच्या वेळी बघू" म्हणून परत बोलावणं, यात खेळाची निम्मी मजा आहे. मुलींचे संघ तर यासाठीच बघावेत. रेषा कुठे आखायची, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. वाक्य कुणाला उद्देशून आहे, एवढंच बघायचं. आपल्या मुलीला उद्देशून असेल तर तो जल्लोष. समोरच्या मुलीला, तिच्या अंगाला, गावाला, घराला उद्देशून असेल तर तो टोमणा, मग तो कितीही हसत मारलेला असो. बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीतला ६.०४ हा नियम नेमकं हेच सांगतो: प्रतिस्पर्धी खेळाडू, पंच किंवा प्रेक्षक यांच्याकडे कोणत्याही प्रकारे रोख असलेली भाषा वापरायची नाही. शिवी पाहिजे असं त्यात कुठेही नाही. रोख पुरेसा आहे.

आणि टोमणा फक्त तोंडानंच मारतात असं नाही, हेही नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. पिचर फसावी म्हणून मध्येच "टाइम!" ओरडणं, होमरन मारल्यावर बेस ओलांडताना पिचरकडे रोखून बघत रेंगाळणं, हातात चेंडू नसताना धावणारीला टॅग करायचं नाटक करणं, ही सगळी त्याच कुळातली भावंडं. अमेरिकेच्या सॉफ्टबॉल नियमांत तर बॅटरच्या नजरेच्या रेषेत उभं राहून मुद्दाम तिचं लक्ष विचलित करणाऱ्या क्षेत्ररक्षकाला ताकीदही नाही. पिच बेकायदा आणि खेळाडू थेट बाहेर. म्हणजे डोळ्यांना त्रास दिला तर हकालपट्टी. तुमच्या मैदानावर कानांना दिला तर पाण्याची बाटली.

आता तुमच्या अडचणी. मला जाणीव आहे की पंचाला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून हे प्रकरण वेळीच आवरायला तुम्हाला किती कष्ट पडले असते, त्याचा हिशोब मांडून पाहिला.

सामन्याआधी होम प्लेटपाशी दोन्ही मार्गदर्शक आणि कर्णधार येतात, खेळाडूंच्या याद्या देतात, तुम्ही मैदानाचे नियम सांगता. त्या दिवशी कडुलिंबाच्या फांदीला चेंडू लागला तर किती बेस, हे तुम्ही सविस्तर समजावलंत. माणसाला शब्द लागला तर काय, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं: "आपल्या खेळाडूंना काय ओरडायचं ते ओरडा, समोरच्यांशी बोलायचं नाही." एवढं आधी बोललेलं असलं की पुढे कुणाला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. तुम्हालाही.

दुसरा कष्ट पहिल्या टोमण्याला. तिथूनच लांबून बोट रोखायचं नाही. चेंडू मृत होईपर्यंत, शक्य तर इनिंग बदलेपर्यंत थांबायचं आणि चालत बाकापाशी जायचं. मुलीशी बोलायचं नाही, मार्गदर्शकाशी बोलायचं, आणि तेही खालच्या आवाजात. चारचौघांत पाणउतारा केला की माणूस टोमणा विसरतो आणि तुमच्याशी भांडण काढतो. "जरा सांभाळून घ्या, सर" हेही नको. ते वाक्य कुणालाच लागत नाही. काय ऐकलं ते स्पष्ट सांगायचं: "तुमच्या बाकावरून समोरच्या मुलीच्या रंगावर बोललं गेलं. पुन्हा ऐकलं तर संघाला ताकीद." आणि वळून परत यायचं. वाद घालायला थांबायचं नाही. थांबलात की तुम्हीही त्या बाकावरचेच एक झालात.

तिसरा कष्ट सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत महत्त्वाचा. परत येताना जिच्यावर बोललं गेलं त्या संघाच्या कर्णधाराला सांगायचं: "मी ऐकलंय. उत्तर देऊ नका, माझ्याकडे सोडा." तिसऱ्या बेसवरच्या त्या मुलीनं ग्लोव्ह का आपटला, सर? टोमण्यामुळे नाही; टोमणे ती पहिल्या इनिंगपासून गिळत होती. मैदानावर ऐकून घेणारं कुणीच नाही अशी तिची खात्री पटली, म्हणून तिनं स्वतःच निकाल लावला. पंच नसलेल्या मैदानावर दुसरं काय होणार?

चौथा कष्ट पेन्सिलचा. यादीच्या कागदावर कोपऱ्यात इनिंग, खेळाडूचा क्रमांक आणि काय बोललं गेलं, एवढं टिपून ठेवायचं. पुन्हा झालं तर दोन्ही मार्गदर्शकांना बोलावून जाहीर ताकीद, गुणलेखकाच्या वहीत नोंद. त्यानंतरही झालं तर बोलणारी बाहेर. मग ती संघाची सर्वांत चांगली हिटर असो वा राखीव. आणि बाहेर काढताना प्रवचन नको. ज्या पंचाला शांतपणे बाहेर काढता येतं, त्याला बहुतेक वेळा बाहेर काढावंच लागत नाही. पायऱ्या चढायला वेळ असतो तिथे चढाव्यात. पण जात, शरीर, अश्लीलता यावर कुणी घसरलं तर पायऱ्या नाहीत, थेट दार.

प्रेक्षकांचं म्हणाल, तर कुंपणापलीकडच्या काकांशी पंचानं हुज्जत घालू नये. खेळ थांबवायचा, आयोजकांना बोलवायचं, आणि ते गृहस्थ चहाला जाईपर्यंत चेंडू हातात धरून उभं राहायचं. दोनशे माणसं खोळंबली की काकांना आपोआप तहान लागते.

आणि हे सगळं एकट्यानं करायचं नाही. प्लेट पंचाचं लक्ष चेंडूवर गुंतलेलं असतं, ते कुणीही समजू शकतं. पण बेसवरच्या पंचाचे कान दोन पिचच्या मधल्या वेळात रिकामे असतात. सामन्याआधी आपसांत एवढंच ठरवायचं: बाक कुणी ऐकायचा. हिशोब संपला. एकूण खर्च, एक वाक्य, थोडं चालणं आणि अर्धी पेन्सिल.

एका पद्धतीचा मात्र मोह आवरा. काही पंचांना टोमणे ऐकू येतात, रागही येतो, पण तोंड उघडायचं धाडस होत नाही. मग ते त्या संघाला स्ट्राइक झोनमधून शिक्षा करतात. गुडघ्यावरचा चेंडू अचानक बॉल होतो, बेसवरचा जवळचा निर्णय अलगद पलीकडे झुकतो. बाहेरून हे न्याय केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ही चोरी आहे, आणि ती निर्दोष पिचरच्या घरी केलेली. स्ट्राइक किंवा बॉल हा पंचाच्या नजरेचा निर्णय. त्यावर आक्षेपही घेता येत नाही. म्हणूनच तो रागापासून राखायचा असतो. शिस्त उघड करावी, नोंद करून करावी, ज्यानं केलं त्याच्यावर करावी.

"पण आमच्या हातात कार्ड कुठे आहे?" असंही तुम्ही म्हणाल. हो, हे खरं. कबड्डीच्या पंचाकडे हिरवं, पिवळं, लाल अशी कार्डं असतात. पिवळं दाखवलं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर. हॉकीत हिरव्या कार्डालाच दोन मिनिटं आणि पिवळ्याला निदान पाच. याच फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे त्या कार्डांच्या शिस्तीत खेळून भारताच्या संघात पोचल्या. ज्याला आपण सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणत आलो त्या क्रिकेटलाही शेवटी १ ऑक्टोबर २०१७ पासून कायद्यात वर्तनाचं कलम घालावं लागलं. तो ४२ वा कायदा गैरवर्तनाच्या चार पातळ्या सांगतो: ताकीद, पाच दंडाच्या धावा, काही षटकं बाहेर, आणि शेवटी उरलेल्या सामन्यासाठी बाहेर. तुमच्या खिशात सॉफ्टबॉलनं रंगीत पुठ्ठा दिलेला नाही. त्याऐवजी तुम्हाला आवाज दिलाय. तो तुम्ही "स्ट्राइऽऽक" म्हणताना दोन शेतं पलीकडे पोचवता.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्या बाकावरच्या मार्गदर्शकांना तर सर्वांत आधी माहीत आहे. शालेय स्पर्धेत आज जो पंच असतो तो उद्या कुठल्यातरी शाळेचा संघ घेऊन येतो. आज जो बाकावर बसतो तो परवा मास्क घालून प्लेटमागे उभा राहतो. जिल्ह्यातली क्रीडाशिक्षकांची ही मंडळी तीच, चहाची टपरी तीच. आज तुम्ही त्यांचा बाक ऐकलात, तर उद्या ते तुमचा ऐकतील. त्यापेक्षा कुणीच कुणाचं ऐकायचं नाही, असा हा गोड करार. वर प्रमाणपत्रांची शिडी आहे: जिल्हा, विभाग, राज्य. प्रत्येक पायरीला दहावी-बारावीच्या गुणांची आणि पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाची आशा टांगलेली. एवढं पणाला लागलेलं असताना समोरच्या पिचरला रडवणं हे डावपेचातच जमा होतं. तुम्ही तटस्थ होतात असं तुम्हाला वाटतं. पण एक बाजू बोलत असते आणि दुसरी गप्प उभी असते, तेव्हा न ऐकणारा पंच बोलणाऱ्या बाजूचा दहावा खेळाडू असतो.

कुणाला वाटेल, आपल्या राज्यात गैरवर्तनाला शिक्षाच होत नाही. तसं नाही. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या लढती चालू होत्या. पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. महेंद्र गायकवाडनं पंचांना शिवीगाळ केल्याचं पुढे आलं. कुस्तीगीर संघानं दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली. छान झालं. पंचाच्या अंगावर हात टाकणाऱ्याला सोडूच नये. फक्त हिशोब बघा: पंचाला लाथ बसली की तीन वर्षं, आठवीतल्या पोरीला शब्द बसला की "खेळात चालायचंच". कातडी कुणाची सोलली, त्यावर आपली शिस्त ठरते.

एक शेवटची हकीकत सांगतो, ती खास पंचांसाठी. २६ एप्रिल २००८, अमेरिकेतलं एलेन्सबर्ग. वेस्टर्न ओरेगॉन विद्यापीठाची सारा टुचोल्स्की, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, दोघी बेसवर असताना तिनं आयुष्यातला पहिला होमरन मारला. आनंदाच्या भरात पहिला बेस टेकायचा राहिला, मागे वळली आणि गुडघा गेला. ती सरपटत पहिल्या बेसवर पोचली आणि तिथेच पडून राहिली. पंच म्हणाले, स्वतःच्या संघातल्या कुणी हात लावला तर ती बाद. बदली धावपटू घेतली तर होमरनऐवजी एकाच बेसचा फटका धरला जाईल. तेव्हा प्रतिस्पर्धी सेंट्रल वॉशिंग्टनची मॅलरी होल्टमन पंचांकडे गेली आणि विचारलं, "आम्ही उचलून नेलं तर?" त्याला नियमाची आडकाठी नव्हती. होल्टमन आणि लिझ वॉलेस यांनी साराला दोघींच्या हातांवर उचललं आणि एकेका बेसवर तिचा पाय टेकवत होम प्लेटपर्यंत आणलं. सामना वेस्टर्न ओरेगॉननं ४–२ असा जिंकला, म्हणजे उचलून आणणाऱ्या हरल्या.

गंमत पुढे आहे. मागाहून लक्षात आलं की पंचांनी नियम चुकीचा सांगितला होता. जखमी खेळाडूऐवजी बदली धावपटू चालली असती. म्हणजे सॉफ्टबॉलच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला खिलाडूपणा पंचांच्या चुकीतून घडला. तेव्हा सर, तुमच्या चुकांची मला मुळीच भीती नाही. नियम चुकला, झोन चुकला, बेसवरचा निर्णय चुकला, तरी मुली ते सांभाळून घेतील; खेळ त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतो. पण होल्टमनला विचारायला एक ऐकणारा माणूस समोर होता, हे विसरू नका. तिनं विचारलं आणि त्यानं ऐकलं. आपल्याकडे त्या दिवशी विचारायला जावं असा माणूसच मैदानावर नव्हता. फक्त एक मास्क आणि एक इंडिकेटर होता.

पुढच्या हंगामाला याद्या घेताना कडुलिंबाच्या फांदीबरोबर ते एक वाक्य बोला. तुमच्याच शाळेच्या मुली समोरच्या बाकावर असतील तेव्हा आधी त्यांना बोला, म्हणजे टपरीवरचा करार तुमच्याकडून मोडल्याचा मान तुम्हाला मिळेल. बाकीचे कुरकुरतील. एखादा म्हणेल, फार शहाणा झाला. ते मात्र ऐकू आलं नाही तरी चालेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
फक्कीच्या रेषेबाहेरचा एक प्रेक्षक

ता. क. – हे पत्र वाचून तुम्हाला माझा राग येईल आणि मला मैदानावरून घालवून द्यावंसं वाटेल. अवश्य घालवा. फक्त क्रम चुकवू नका: आधी जवळ येऊन खालच्या आवाजात सांगा, मग जाहीर ताकीद द्या, वहीत नोंद करा, आणि त्यानंतरही मी गप्प बसलो नाही तर बाहेर काढा. त्या निमित्तानं निदान एकदा तुमच्या हातून पूर्ण पद्धत पार पडेल.